फणसाचा पाट आणि राणीची जोडी

पत्त्यांत माझी एक खोड आहे. हातात जोडी आली की ती मला टाकवत नाही. जोडी म्हणजे काही मोठं घबाड नव्हे. तीन पत्तीत असो की हल्लीच्या पोकरात, जोडी म्हणजे हात अगदीच रिकामा नाही, एवढंच. पण तेवढ्यावरच मी हुरळतो. समोरच्यानं काय लावलंय, मधे काय पडलंय, काही म्हणून बघत नाही. बायको म्हणते, तुम्ही मासळीबाजारातही असेच, पहिल्या सरंग्याला हात लावला की तो कालचा असला तरी घरी आणता. खरं आहे. मला बोलायला तोंड नाही.

आमचं मूळ घर मुरुडच्या अलीकडच्या एका गावात. मागं सुपारीची वाडी, वर थोडी भातशेती. थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी तिथंच राहतात. मी शिकलो, तळोज्याच्या एका कारखान्यात लागलो आणि पनवेलला घर केलं. मूलबाळ मलाच एक. दादाला नाही. गणपतीला आम्ही तिघं गावी जायचो आणि गणपतीच्या पाचही दिवसांत दुपारची जेवणं झाली की पडवीत सतरंजी पडायची. पत्ते खेळायचे, ही आजोबांपासूनची रीत. नियमही त्यांचेच. मखराकडे पाठ करून बसायचं नाही. पैसे लावायचे नाहीत, वाडीतली सुकी सुपारी लावायची. आरतीची वेळ झाली की डाव असेल तिथं मोडायचा.

पूर्वी मेंढीकोट असायचा. मग तीन पत्ती आली. पोकर आणला माझ्या मुलानं. तो पुण्यात नोकरीला आहे, फोनवर खेळून तरबेज झालेला. त्यानं सगळ्यांना शिकवलं: प्रत्येकाला दोन पानं झाकून, मधे सगळ्यांच्या मालकीची पाच पानं उघडी, ती एकेक करून पडत जाणार आणि दर वेळी सुपारी लावायची. शेवटी ज्याची पाच पानं भारी, त्याचा ढीग. नको वाटलं तर आपली दोन पानं उपडी टाकायची आणि गप्प बसायचं.

हे टाकणं दादाला फार पटलं. "न्हाय बाबा, आपलं काय हाय त्यात," म्हणायचा आणि टाकायचा. दहा डावांत नऊ वेळा त्याचा हात जमिनीवर. तो कधी सुपारी पुढं सारायला लागला की शेजारपाजारचे गडी हसत पानं फेकायचे. न फेकणारा गाढव एकच, तो मी.

मुलगा मला समजावून थकला. "बाबा, जोडी वाईट नसते. पण बोर्ड बघत जा ना. मधे एकाच रंगाची तीन पानं पडली आणि मोठा काका लावत सुटला, तर त्याच्याकडे कलर असणार, म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची. तेव्हा तुझी जोडी सोडायची असते." मी म्हणायचो, बरं बरं. आणि पुढच्या डावाला पुन्हा तेच.

आता पाटाचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरून झालं.

आमच्याकडे गणपती आणायचा म्हणजे आधी पाट द्यायचा. श्रावण लागायच्या सुमारास घरचा पाट गणपतीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्ती त्याच पाटावर घडते आणि त्याच पाटावर घरी येते. ज्याच्या घरून पाट जातो, त्याच्या घरी देव. आमचा पाट फणसाचा, आजोबांच्या हातचा, एक कोपरा झिजून गोल झालेला. वर्षभर तो देवघराच्या मागं खुंटीला असायचा. विसर्जन करून येताना तो रिकामा आणायचा नाही. समुद्राची मूठभर वाळू त्यावर ठेवून आणायची आणि घराच्या चारी कोपऱ्यांत टाकायची. ते काम वहिनीचं.

मला तो पाट पनवेलला हवा होता. नवीन मोठा फ्लॅट घेतला होता, दिवाणखान्यात अशी काही जागा होती की बघणारा म्हणेल, इथं गणपतीच पाहिजे. ऑफिसातले लोक आले असते, सोसायटीतले आले असते. शिवाय गणपतीतला तो तुंबलेला हायवे. पण हे मी कुणाला बोललो नाही. मी धरले वहिनीचे गुडघे. गुडघे तिचे खरंच गेलेले. पाच दिवस चुलीपुढं बसायची, उठताना भिंत धरायची. "दादा, वहिनीला आता झेपत नाही," मी सकाळी त्याला म्हणालो. "पुढल्या वर्षी गणपती माझ्याकडे आणू. तुम्ही दोघं आरामात या."

"बघू," दादा म्हणाला. आमच्याकडे बघू म्हणजे नाही.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता," बायको मला बाजूला घेऊन म्हणाली. "घर दाखवायचंय असं सांगा ना सरळ." मी तिच्यावर खेकसलो. तिचं बोलणं वर्मी लागलं होतं, म्हणून खेकसलो.

त्याच दुपारी तो डाव आला. मला बदामची राणी आणि किलवरची चव्वी. मधे पहिली तीन पानं पडली: इस्पिकची राणी, इस्पिकची सत्ती, चौकटची दुर्री. राणीची जोडी झाली की मला. मी सुपारी सारली. बाकीच्यांनी टाकलं. दादानं नुसती माझ्याएवढी लावली आणि थांबला. चौथं पान पडलं, इस्पिकची अठ्ठी. मधे आता तीन इस्पिक. दादानं ओंजळभर सुपारी पुढं केली. मुलगा माझ्याकडे बघून खाकरला. मी त्याच्याकडे बघितलंच नाही, ओंजळभर माझीही टाकली. पाचवी पडली चौकटची नव्वी. मला उपयोग शून्य.

या घटकेला कुणीही शहाणा माणूस हात राखून बसला असता. पण मला सकाळचं ते "बघू" टोचत होतं. दादा समोर मांडी घालून बसला होता, चेहऱ्यावर काही नाही, आणि मला वाटलं, हा असाच बसणार, हा असाच बघू बघू करत मला वर्षानुवर्षं घोळवणार. मी पुढ्यातली सगळी सुपारी दोन्ही हातांनी ढकलली आणि म्हणालो, "सगळी. आणि वर पुढल्या वर्षीचा पाट. मी जिंकलो तर पाट पनवेलला."

कुणीतरी हसलं. मग हसू आपोआप थांबलं. आत स्वयंपाकघरात वहिनी सारण ढवळत होती, तो उलथन्याचा आवाजही थांबला. हे मला तेव्हा ऐकू आलं होतं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही.

दादानं पानांकडे बघितलंच नाही. त्यानं मखराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आपली दोन पानं उपडीच माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाला, "घे."

पडवीत एकदम गलका झाला. मुलगा म्हणाला, "बाबा, दाखव ना काय होतं." मी म्हणालो, "कशाला, हात दाखवून अवलक्षण," आणि ऐटीत सुपारी ओढली. पुढचा डाव वाटायची पाळी माझी होती. मी पडलेली पानं गोळा केली, पिसायला घेतली, आणि दादाची दोन पानं जुळवताना ती माझ्या अंगठ्याखाली उघडी झाली. इस्पिकचा राजा, इस्पिकची पंजी.

कलर. पक्का कलर. माझी राणीची जोडी त्याच्यापुढं काहीच नव्हती.

माझे हात थांबले. कानशिलं तापली. दादानं आपला पाट मला सोडून दिला होता, आणि मी मोठ्या ऐटीत सुपारी मोजल्यासारखं करत होतो. त्या क्षणी बोलायला हवं होतं. नुसतं एवढंच, दादा, हे काय केलंस. सगळे समोर होते, देव समोर होता. मी पानं पिसली आणि वाटली. जिंकल्याची लाज वाटते हे मला त्या दिवशी कळलं, आणि तरीही जिंकलेलं परत करायला हात उचलत नाही, हेही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वहिनीनं पाट पुसून, जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या गाडीत ठेवला. "कोपरा जपा," एवढं म्हणाली.

पुढच्या वर्षी पनवेलला गणपती थाटात बसला. लोक आले. दिवाणखान्याची तारीफ झाली. दादा-वहिनी आदल्या दिवशी एसटीनं आले, नारळ आणि सुपारीची पिशवी घेऊन. दादानं दारात विचारलं, "चपला कुठं काढू?" माझ्या घरात तो काही पहिल्यांदा आला नव्हता. पण पूर्वी तो भावाकडे यायचा. या वेळी तो पाहुणा म्हणून आला होता. आरतीला सगळ्यांनी त्याला पुढं केलं, तर त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "मी घेऊ?" गावी आजोबांनंतर वडिलांनी आणि वडिलांनंतर त्यानं कधी कुणाला विचारून आरती घेतली नव्हती. "घे ना," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला नकोसा झाला.

मोदक बाहेरून मागवले होते. वहिनीला बायकोनं खुर्ची दिली होती, ती पाचही दिवस खुर्चीत बसून होती. दुपारी मुलानं पत्ते काढले. दादा म्हणाला, "नको रे, झोप येते." त्याला दुपारी झोप येत नाही. उभ्या जन्मात आली नाही.

पाचव्या दिवशी विसर्जन सोसायटीच्या हौदात झालं. दादा पाट घेऊन हौदाच्या कडेला उभा राहिला आणि त्यानं इकडंतिकडं बघितलं. मला एकदम आठवलं. वाळू. हौदाला कुठली वाळू. समुद्र गाडीनं तासाभरावर, गाडी पार्किंगमध्ये अडकलेली. "थांब, आणतो," मी म्हणालो, आणि बिल्डिंगच्या मागं नवा टॉवर चालला होता तिथल्या ढिगातली मूठभर उचलून आणली. ती वाळूसुद्धा नव्हती. हल्ली बांधकामाला दगड दळून करतात तो करडा चुरा. मी तो फणसाच्या पाटावर ठेवला.

दादानं चिमूट उचलून दोन बोटांत चोळली. समुद्राकाठचा माणूस, त्याला काय सांगायचं. त्यानं वर माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता बोलेल. तो थांबला होता, खरंच थांबला होता. मी दुसरीकडे बघितलं. मग त्यानं चिमूट परत पाटावर ठेवली आणि हात झटकले. घरी वहिनीनं भिंत धरून वाकत वाकत चारी कोपऱ्यांत तो चुरा टाकला, तोंडानं नेहमीचं काहीतरी पुटपुटत. मी बघत राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते गावी परतले. रात्रभर पायाखाली तो चुरा करकरत होता. सकाळी मी स्वतः झाडू घेतला. बायको म्हणाली, कोपऱ्यातलं झाडत नाहीत. मी म्हणालो, हे झाडतात. आणि तिला सगळं सांगितलं, राजा-पंजीसकट. तिनं ऐकून नुसती सुपली पुढं केली, याचंच मला जास्त लागलं. बोलायला तिला कधी कमी पडत नाही.

यंदा आषाढ सरत आला तसा मी पाट गुंडाळला, गाडीच्या मागच्या सीटवर आडवा ठेवला आणि एकटा गावी गेलो. दादा पडवीत सुपारी सोलत बसला होता. पाट बघून त्यानं हातातला कोयता खाली ठेवला, पण उठला नाही.

मी समोर बसलो. बसल्या बसल्या सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. "दादा, त्या डावाला तुझ्याकडे इस्पिकचा राजा आणि पंजी होती. कलर होता. मी बघितलं होतं."

"ठाव हाय मला," दादा म्हणाला. "पिसता पिसता थांबलास. कान लाल झालं तुझं."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. पनवेलला चपला कुठं काढू विचारताना माहीत होतं, आरती घेऊ का विचारताना माहीत होतं. मला कुठं तोंड लपवावं कळेना. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू देव डावावर लावलास. मी पानं दाखवली असती तर मी देव डावात जिंकला असं झालं असतं. माझ्या हातनं नको होतं ते." त्यानं एक सुपारी उचलली आणि सालासकट तशीच परत ठेवली. "तू बोलशील म्हणून वाट बघितली. ती वाळू आणलीस तेव्हा वाटलं, आता बोलेल."

"चुकलो," मी म्हणालो. "पाट आणलाय. ठेवून घे."

"न्हाय." दादा हट्टी आहे, शांत माणसं असतात तशी. "मी पानं टाकली ती टाकली. टाकलेली पानं परत उचलत न्हाईत. पोरानंच शिकवलंय."

"कुणाची पानं, कुणाचं काय," मागून आवाज आला. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. आमचं दोघांचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. "तुम्ही लावला, ह्यांनी सोडला. तुम्ही म्हणता घे, हे म्हणतात न्हाय. मला कुणी पानं वाटली होती का?"

दादानं सोललेल्या सुपाऱ्या उगाच एका बाजूला सारल्या.

"पाच दिवस चुलीपुढं मी. पाट घासायचा मी, कोपऱ्यात वाळू टाकायची मी. भाऊजी, तुम्ही ह्यांना माझे गुडघे सांगितलेत, आणि मग सगळ्या गावासमोर पाट लावलात. मी आतच होते. उलथनं हातात धरून उभी होते. म्हटलं, दोघांतला एकतरी उठून आत येईल, विचारील. एकाला उठवलं न्हाय." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर सोपं गेलं असतं. "गुडघे दुखतात माझे, खोटं कशाला बोलू. पनवेलला खुर्चीत बसून आरती ऐकली, बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा बसून ऐकली. नुसतं विचारलं असतंत तर हसत दिला असता पाट."

दादानं मान खाली घातली. मी आधीच घातली होती. इतके दिवस मला वाटत होतं की त्या डावात हरायला नको होतं ते दादानं, आणि जिंकायला नको होतं ते मी. तिसरं कुणी त्या घरात आहे, हे आम्हा दोघा भावांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दादाच्या डोक्यात आला होता देव. माझ्या डोक्यात माझा दिवाणखाना.

"आता न्हाय देत," वहिनी म्हणाली. "आता इथंच बसेल. मोदक वळायला लोकांना बोलवीन, न्हायतर तुम्ही दोघं वळा. आणि पत्ते खेळायचे तर सुपारी लावा."

तिनं पुढं होऊन माझ्या मांडीवरचा पाट उचलला, झिजलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि तो काखेत मारून मागं विहिरीकडे गेली. थोड्या वेळानं काथ्यानं लाकूड घासल्याचा आवाज यायला लागला. तो करडा चुरा फणसाच्या रेषांत बसला असणार.

"जा, मागं जाऊन काहीतरी बोल," दादा मला हळूच म्हणाला.

"तू जा. नवरा तू आहेस."

"बोलायचं तुला हाय."

दोघंही बसून राहिलो. त्यानं कोयता उचलला, पण सोललं काही नाही. मग मागून तिनं हाक मारली. कुणा एकाचं नाव घेऊन नाही, नुसतीच. म्हणाली, घागर उचलवत नाही.

आम्ही दोघंही एकदम उठलो.